तिसऱ्या खांबाचा निरोप

थाक लाम गाव
उंदराचं वर्ष, आठवा महिना, विसावा दिवस

दिएम,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तर तार केली असती, आणि आईच्या वेळी आली नाहीस तशी तू तेव्हाही आली नसतीस.

मी बोलतेय आणि माझी सून लुआ लिहितेय. मी बोलते तेच लिहिते की नाही ते देवाला ठाऊक. मी चार शब्द बोलले की हिचा हात दहा शब्दांइतका चालतो. म्हणून मधे मधे वाचून घेते. आत्ताच वाचून घेतलं. सगळं बरोबर आहे म्हणते. म्हणते.

(आई बोलल्या तेच लिहिलंय, मावशी. — लुआ)

बघ, हे मी बोललेच नव्हते.

आता कामाचं. मास्तर तुए अजून पुलावर बसतोय. आपल्या कौलारू पुलावर, देवळाकडून तिसऱ्या खांबाशी. विटांची चूल, एक किटली, सहा पेले. हिरवा चहा विकतो आणि येणाऱ्या प्रत्येक होडीकडे मान वर करून बघतो. एक्केचाळीस वर्षं झाली. तुला आईनं कधी कळवलं नाही, कारण तिला लाज वाटायची. मी कधी कळवलं नाही, ते का ते पुढं बघू.

पोरं त्याला खांबमिठ्या म्हणतात. ती जुनी गोष्ट आठवते ना, आजोबा सांगायचे? पोरगा-पोरगीचं ठरतं, पुलाखाली भेटायचं. पोरगी येत नाही, पाणी येतं. आणि हा शब्द दिलाय म्हणून खांबाला मिठी मारून तिथंच बुडतो. शिकलेली माणसं अजून म्हणतात ना, कुणी वेड्यासारखं कुणासाठी झुरायला लागलं की, बघा, खांब कवटाळून बसलाय. मला त्या गोष्टीत लहानपणापासून एक खटकतं. कुणी पोराला निष्ठावंत म्हणतं, कुणी गाढव म्हणतं, पण पोरगी का आली नाही हे कुणीच विचारत नाही. माझा संशय आहे, मधे कुणीतरी असणार.

असो. गेल्या महिन्यात सुतार येऊन गेला. सगळे खांब ठोकून बघितले. तिसरा खांब रिकाम्या रांजणासारखा वाजला. आतून सगळा भुंग्यांनी खाल्लाय. सुतार म्हणाला, या पावसाळ्यात पाणी फळ्यांपर्यंत चढलं की हा गेला. आता तू म्हणशील, मग मास्तरला उठव तिथून. अगं, दर पुराला तो स्वतःला दोरीनं त्याच खांबाला बांधून घेतो. म्हणतो, ती होडीनं आली तर मी दिसलो पाहिजे. आजवर खांब मजबूत होता म्हणून जगला.

दहावा महिना लागला की पाणी येणार. तेव्हा तू त्याला तुझ्या हातानं एक पत्र लिही. मी येणार नाही, उठा, एवढंच. तुझ्या निरोपावर बसलाय, तुझ्याच निरोपानं उठेल. तो निरोप काय होता ते तुला आठवत असेल किंवा नसेल. नसेल तर आठवायचा प्रयत्न करू नकोस.

थोरली,
मेन

* * *

थाक लाम
नववा महिना, सहावा दिवस

दिएम,

तुझं पत्र पोचलं. तीन ओळी. त्यातली तिसरी अशी: "मी तर तुला ‘नाही म्हणून सांग’ म्हणून पाठवलं होतं, तू काय सांगितलंस?"

लुआनं हे मोठ्यानं वाचलं. मग पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, मासे चुलीवर आहेत," आणि उठून गेली. चुलीवर मासे नव्हते. मला वास येतो.

तीन ओळींत तू मला पकडलंस. लहानपणी गुळाच्या मडक्यापाशी पकडायचीस तशी. तेव्हाही ओरडायची नाहीस, नुसतं विचारायचीस, ताई, तू काय करतेयस?

लुआ आता परत येऊन बसलीये. तिला म्हटलंय, खाली बघून लिही, वर बघायचं नाही.

मास्तरचा संध्याकाळचा वर्ग आठवतो? कोळशानं काळी केलेली फळी, आणि आपण वीस जण जमिनीवर. तू एकवीस वर्षांची, महिन्यात वाचायला लागलीस. मी अठ्ठावीसची, कडेवर माझा बिन्ह, घरी म्हैस. एका दिवशी मास्तर माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मेनताई, पुस्तक उलटं धरलंय. पण राहू द्या, तुम्हाला दोन्हीकडून सारखंच दिसणार." सगळा वर्ग हसला. तू जास्त हसलीस. मी पण हसले, कारण चांगला टोला होता, मला चांगला टोला आवडतो. पण दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. म्हणून आज माझी पापं सुनेच्या अक्षरात लिहावी लागतायत.

मग त्या पौर्णिमेला तू मला म्हणालीस, "ताई, मी उद्याच्या गाडीनं सायगॉनला जातेय मावशीच्या शिवणदुकानात. मास्तर पुलावर उत्तराची वाट बघतायत. तू जा आणि सांग, नाही. माझ्यानं त्यांच्या तोंडावर सांगवणार नाही."

मी गेले. तो तिसऱ्या खांबाशी उभा. पांढराशुभ्र सदरा, केसांना इतकं तेल की माशी बसली असती तर घसरली असती. हातात रुमाल, रुमालात सुपारी आणि विड्याची पानं, म्हणजे तू हो म्हणालीस तर लगेच आईकडे मागणी घालायला यायच्या तयारीत. मला बघून पुढं आला. "काय म्हणाली?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला ते उलटं पुस्तक आठवलं.

"थांबा म्हणालीये," मी म्हटलं. "इथंच."

घरी जाईपर्यंत हसत होते. मला वाटलं, बसेल जेवणवेळेपर्यंत, भूक लागली की उठेल. मग त्या संध्याकाळी बिन्हला ताप भरला, पाऊस लागला, तू सकाळी गेलीस, आणि मी विसरले. खरं सांगते, विसरले. तिसऱ्या दिवशी पाणी चढलं आणि मासेमारांनी त्याला खांबावरून सोडवून आणला. दोन्ही हात खांबाभोवती, बोटं उघडेनात. रुमाल दातात धरलेला. सगळा गाव रडला. आई रडली. म्हणाली, असं माणूस माझ्या पोरीनं टाकलं. आता त्या गर्दीत कुणाची जीभ उचलेल? म्हटलं, बरा होऊ दे, मग सांगू. बरा झाला आणि जाऊन पुलावर बसला.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्याला भात नेते. केळीच्या पानात, वर खारवलेले मासे, कधी शिंपल्यांची भाजी. गावाला वाटतं, मेन आजी किती दयाळू. लुआलाही वाटायचं. आता तिचं काय मत आहे ते ती लिहिणार नाही, तिला वर बघायची बंदी आहे.

तुझं पत्र घेऊन उद्या त्याच्याकडे जाते. आणि माझं तोंडही घेऊन जाते.

मेन

* * *

थाक लाम
नववा महिना, अकरावा दिवस

दिएम,

त्यानं विश्वास ठेवला नाही.

मी भात खाली ठेवला, फळीवर बसले आणि एका दमात सांगितलं. "मास्तर, दिएम थांबा म्हणाली नव्हती. नाही म्हणाली होती. थांबा माझं होतं. त्या उलट्या पुस्तकासाठी."

त्यानं पेल्यात चहा ओतला. "मेनताई, गेल्या नव्या वर्षाला माझ्या किटलीत बेडूक कुणी ठेवला होता?"

"तो विषय वेगळा आहे."

"पाच वर्षांपूर्वी पुराच्या आधी सकाळी येऊन कोण म्हणालं होतं, मास्तर पळा, दिएम स्टेशनवर उतरलीये? मी चिखलातून सात मैल गेलो. स्टेशनवर एक बकरी होती."

"तुम्हाला पुलावरून हलवायला म्हणाले मी ते. पाणी येत होतं."

"मग आता काय येतंय?" तो म्हणाला.

आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या आणि एकदा खरं बोलायला गेले तर माझंच तोंड माझी साक्ष देईना. मी तुझं पत्र काढून दिलं. त्यानं चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. तीन ओळी, त्याला किती वेळ लागावा? मग म्हणाला, "हे दिएमचं अक्षर नाही. मी शिकवलंय तिला. तिचं अक्षर ताठ असायचं. हे थरथरतंय."

"अहो मास्तर, बासष्टची आहे ती आता! हात थरथरणारच की."

"कोण बासष्टची?"

दिएम, त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा बघितलं ते तुला सांगता येत नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःचे दात पडलेले मोजतो, आणि तू बासष्टची असशील हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याची दिएम अजून एकवीसची आहे आणि तिला यायला जरा उशीर झालाय.

मग पत्राची घडी घालून मला परत दिली. "लुआनं लिहिलंय. चांगली मुलगी आहे, पण तुमच्या नादाला लागलीये."

लुआ चार दिवस रागावून आहे. त्याच्यावर नव्हे, माझ्यावर. म्हणते, "आई, तुमच्यामुळं मी खोटारडी ठरले." मी म्हटलं, बाई, मग आता कळलं का मला कसं वाटतं. तर म्हणते, "तुम्हाला वाटायलाच पाहिजे." आता हे खरंच लिहितेयस ना? वाच. हं.

तूच ये. मी कधी कुणाला ये म्हटलं नाही, आईच्या वेळी तू आली नाहीस तेव्हा तर पुन्हा म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. पण ये. तुला बघून तरी उठेल. की मला उगाच वाटतंय? तू आलीस तर तो तुझ्याकडे बघून म्हणेल, बाई, तुम्ही कोण, जरा बाजूला व्हा, मला होडी दिसत नाही.

मेन

* * *

थाक लाम
दहावा महिना, पंधरावा दिवस

दिएम,

तुझी तार आली होती, गुडघ्याचं दुखणं, प्रवास झेपणार नाही. बरं. गुडघा खरा आहे की नाही यावर मी काही बोलत नाही. माझेही गुडघे गरज पडली की दुखतात.

पाणी आलं आणि गेलं. मी जिवंत आहे, तोही आहे. आता क्रमानं ऐक.

दहाव्याच्या तीनला सकाळीच ओढ्याचं पाणी तांबडं झालं. बिन्हनं आढ्याला टांगलेली होडी खाली काढली, भात आणि कोंबड्या माळ्यावर चढवल्या. मला म्हणाला, "आई, तू वर जा, मी मास्तरांना घेऊन येतो." मी म्हटलं, तुझ्याबरोबर तो येणार नाही. तो कुणाबरोबरच येणार नाही. मला पुलावर सोड आणि जवळच थांब.

"तुम्ही काय करणार तिथं जाऊन?" लुआ म्हणाली.

"वाट बघणार," मी म्हटलं.

मास्तर दोरी गुंडाळूनच बसला होता. कमरेला तीन वेढे, खांबाला तीन वेढे, आणि उरलेली दोरी बाजूला पडलेली. मी त्याच्याशेजारी बसले, ती उरलेली दोरी उचलली आणि माझ्या कमरेला बांधली. म्हशीला बांधतात ती गाठ. ओली झाली की कितीही ओढा, आणखी आवळते.

"हे काय करताय?"

"माझी बहीण येणार आहे," मी म्हटलं. "एक्केचाळीस वर्षांत मलाही भेटली नाही. होडीनं आली तर मी पण दिसले पाहिजे."

"मेनताई, खोड्या पुरे. खांब पोकळ आहे, मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग बरं. मला वाटलं, सुतारावरही तुमचा संशय असेल."

तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, तुम्हाला नातवंडं आहेत. मी म्हटलं, आहेत, आणि गुडघेही आहेत, दोन्ही घेऊन बसलेय. म्हणाला, तुमचा काय संबंध? मी म्हटलं, तोच तर सांगत होते नवव्या महिन्यात, तुम्ही ऐकलं नाही. पाणी फळ्यांमधून वर यायला लागलं. चूल विझली. किटली आधी तरंगली, मग पालथी होऊन गेली. बिन्ह होडीतून ओरडत होता. मी त्याला हात हलवला, अगदी सहलीला आल्यासारखा. खरं सांगू? घाबरून माझे दात वाजत होते. पण मी ठरवलं होतं, आज जो कुणी खांब सोडेल तो दोघांसाठी सोडेल.

पाणी मांडीला लागलं तेव्हा खांब आतून करकरला. मास्तरनं माझी गाठ सोडायला घेतली. सुटेना. बोटांनी, दातांनी, कशानंच सुटेना. मी म्हटलं, थांबा की, इतकी काय घाई आहे.

तेव्हा त्यानं खिशातून सुपारी कातरायचा सुरा काढला. दिएम, दोरी एकच होती. माझी कमर, त्याची कमर, मधे खांब, आणि खांबाचे वेढे माझ्याच टोकानं आवळून धरलेले. मला सोडवायचं तर स्वतःलाही सोडवणं आलं. तो सुरा हातात धरून क्षणभर ओढ्याच्या वरच्या बाजूला बघत राहिला, होड्या जिकडून येतात तिकडं. मग कापली.

बिन्हनं आम्हाला होडीत ओढलं. अर्ध्या तासानं तिसरा खांब आडवा झाला. आवाजसुद्धा झाला नाही, आत काही नव्हतंच.

आठ दिवस माळ्यावर होतो, सहा माणसं, अकरा कोंबड्या आणि मास्तर. पाचव्या दिवशी तो आपण होऊन बोलला. माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी तुम्ही निरोप घेऊन आलात तेव्हा हसत होतात."

माझ्या हातातलं पान खाली पडलं.

"ओठ दाबून हसत होतात. मला तेव्हाच शंका आली. हो सांगायला आलेलं माणूस असं हसत नाही."

"मग उठला का नाहीत, मास्तर?"

"शंका म्हणजे काही निरोप नव्हे. निरोप होता थांबा. तो बदलायला कुणी आलं नाही."

"मी नवव्या महिन्यात आले होते."

"तेव्हा फार उशीर झाला होता." त्यानं पायाशी आलेली कोंबडी हातानं बाजूला सारली. "तेव्हा विश्वास ठेवला असता तर ती सगळी वर्षं मी कुठं ठेवायची होती, मेनताई?"

माझ्याकडे पहिल्यांदाच टोला नव्हता. नुसतं म्हटलं, चुकले. त्यानं मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की ऐकू आलं म्हणून हलवली, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

मेन

* * *

थाक लाम
अकरावा महिना, दुसरा दिवस

दिएम,

सुतारानं नवा खांब बसवला. मास्तरची झोपडी वाहून गेली, तेव्हा तो आता आमच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहतो. पुलावर जात नाही. नवा खांब बघायलासुद्धा गेला नाही. गावाला चुकल्यासारखं वाटतंय, पोरं विचारतात, आजी, खांबमिठ्या कुठाय?

परवा जेवताना मला म्हणाला, "मेनताई, अक्षरं शिका आता. म्हणजे पुढच्या वेळी निरोप लिहून नेता येईल, तोंडावर भरवसा नको."

"एकोणसत्तराव्या वर्षी?"

"पुस्तक कुठूनही धरा, मी काही बोलणार नाही. उद्या सकाळी पुलावर या, नव्या खांबाशी. तिथं उजेड चांगला असतो."

मला तेव्हाच वास यायला हवा होता. तो इतका गोड कधी बोलत नाही.

मी गेले. धुतलेला झगा घातला, केस विंचरले, बिन्हच्या पोराची पाटी मागून घेतली. नव्या खांबाला अजून कच्च्या लाकडाचा वास येतोय. बसले. मासेवाल्या बायका गेल्या, म्हणाल्या, आजी, आज तुम्ही? कोवळं ऊन गेलं, रिमझिम लागली. मास्तरचा पत्ता नाही. मनात आलं, विसरला असेल. मग मनात आलं, तो एक्केचाळीस वर्षांत काही विसरलेला नाही.

उठावं म्हटलं, पण उठवेना. म्हटलं, मी उठले आणि तो आलाच तर?

दुपारी लुआ आली, केळीच्या पानात भात घेऊन, वर खारवलेले मासे. मी विचारलं, मास्तर कुठं आहेत?

"घरी. चहा पितायत."

"काही म्हणाले?"

"हो," लुआ म्हणाली. "म्हणाले, थांबा म्हणावं. तिथंच."

आता दिएम, हे तो खरंच म्हणाला की हिनं वाटेत स्वतःच्या मनानं रचलं, मला कसं कळणार? मी घरी येऊन त्याला विचारलं नाही. उद्या परत जाणार आहे, पाटी घेऊन. तुला एवढंच सांगते की निरोप सांगताना लुआ ओठ दाबून हसत होती.

आत्ता लिहितानाही हसतेय.

मेन